टिलँडसिया आयोनांथा रिव्ह्यू: मातीशिवाय वाढणारं हे चिमुकलं रोप घ्यावं का?

सरळ सांगते, घ्या. पण टॅगवर जे लिहिलेलं असतं ना, हवेवर जगतं, पाणी नको, माती नको, काळजी नको, त्यातलं माती नको एवढंच खरं आहे. बाकीचं वाचा आणि सोडून द्या, कारण ते खरं धरून ज्यांनी हे रोप नुसतं शेल्फवर शोभेला ठेवलं त्यांचं काही महिन्यांत वाळून गेलं आणि मग ते सगळ्यांना सांगतात की एअर प्लांट म्हणजे पैसे वाया. तसं अजिबात नाहीये. नवख्या माणसाने पहिलं एअर प्लांट घ्यायचं तर टिलँडसिया आयोनांथाच घ्यावं असं माझं ठाम मत आहे, फक्त त्याला पाणी कसं द्यायचं आणि दिल्यावर ते वाळवायचं कसं ह्या दोन गोष्टी नीट कळायला हव्यात, आणि त्यातली दुसरी जास्त महत्त्वाची आहे. म्हणून रिव्ह्यू जरा लांब होणारे, निवांत वाचा.

आधी वस्तू काय आहे ते. अननसाच्या कुळातलं, म्हणजे ब्रोमेलिएसीतलं, एक छोटंसं रोप. मेक्सिकोपासून ग्वाटेमाला, होंडुरास करत खाली कोस्टा रिकापर्यंतच्या पट्ट्यात हे झाडांच्या फांद्यांवर आणि कधी कधी खडकांवर आपोआप वाढतं. प्लांशाँ नावाच्या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने १८५५ मध्ये ह्याचं शास्त्रीय वर्णन केलं. टिलँडसिया ह्या एका वंशातच सहाशेच्या वर जाती आहेत, त्यातली ही अगदी लहान चणीची. एक रोप साधारण ६ ते ८ सेंटिमीटरचं, तळहातावर मावून वर जागा उरते. फांदीवर वाढतं म्हटल्यावर बरेच जण विचारतात की हे बांडगूळ आहे का, तर नाही, बांडगूळ झाडाच्या आत मुळं घुसवून त्याचा रस पितं, हे फक्त बसायला जागा घेतं. ह्याची मुळं म्हणजे नुसत्या दोऱ्या, पकडून ठेवण्यापुरत्या. ती कापली तरी रोपाला काही होत नाही, बरेच विक्रेते पार्सल करताना ती छाटूनच पाठवतात, तेव्हा बिनमुळाचं आलं म्हणून तक्रार करू नका.

मग पाणी पितं कुठून, तर पानांतून. हा भाग मला सगळ्यात आवडतो आणि एकदा हा कळला की बाकी सगळी काळजी आपोआप कळते. पान उजेडात धरून जवळून बघा, भिंग असेल तर भिंगातून बघा, पूर्ण पानावर चंदेरी पिठासारखी लव दिसते. ती धूळ नाही हां, प्लीज पुसू नका, मी बघितलंय लोक कापडाने घासून चकचकीत करतात. ते सगळे बारीक बारीक खवले असतात, ट्रायकोम म्हणतात त्यांना, मधे चकती आणि कडेने पातळ पंख. पान कोरडं असताना ह्या खवल्यांत हवा असते त्यामुळे उजेड परावर्तित होतो, रोप पांढुरकं दिसतं आणि कडक उन्हापासून थोडं वाचतं. पाणी पडलं की खवला ते लगेच शोषून आत देतो, हवेच्या जागी पाणी येतं आणि तुमच्या डोळ्यांदेखत राखाडी रोप हिरवंगार होतं. काही सेकंदांचा खेळ आहे. तो रंगबदल म्हणजेच तुमचं मीटर. भिजवल्यावर सगळीकडे सारखं हिरवं झालं म्हणजे पाणी सगळीकडे लागलं, आणि परत चंदेरी झालं म्हणजे वाळलं.

दुसरी गोष्ट, हे रोप रात्री श्वास घेतं. बाकीची बहुतेक झाडं पानावरची छिद्रं दिवसा उघडतात, हे रात्री उघडतं, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतं आणि दिवसा छिद्रं बंद करून त्या साठ्यावर उन्हात अन्न बनवतं. कॅक्टस, अननस अशी कोरड्या जागेत तग धरणारी बरीच मंडळी असंच करतात, ह्यात पाणी कमी उडतं. आता विचार करा, तुम्ही संध्याकाळी उशिरा भिजवलं आणि रात्रभर पान ओलं राहिलं तर छिद्रांवर पाण्याचा थर, म्हणजे श्वासच कोंडला. म्हणून सकाळी भिजवायचं. बरेच जण सांगतात सकाळी पाणी द्या पण का ते सांगत नाहीत, तर कारण हे आहे.

पद्धत एकदम साधी. एका वाडग्यात साधं, खोलीच्या तापमानाचं पाणी घ्या, आठवड्यातून एकदा रोप त्यात वीस ते तीस मिनिटं पूर्ण बुडवा. हवा कोरडी असेल, एसी किंवा हीटर चालू असेल तर मधे एक-दोनदा स्प्रे मारा किंवा आठवड्यात दोनदा भिजवा. हवा खूप दमट असेल तर वीस मिनिटंही नकोत, नुसतं बुडवून काढलं तरी चालतं. स्प्रेवर पूर्ण भरवसा ठेवायचा असेल तर पाणी ओघळेपर्यंत मारावं लागतं, वरवर फुसफुस केलं तर खवल्यांना काहीच पोचत नाही, आणि एअर प्लांट तहानेने मरायचं हेच मोठं कारण आहे. तहानलेलं रोप ओळखायला येतं, पानं आत वळून पन्हाळीसारखी होतात आणि टोकं तपकिरी, कुरकुरीत होतात. असं दिसलं तर काही तास भिजत ठेवा, बहुतेक वेळा परत टवटवीत होतं. ह्या रोपाची ही खुबी आहे, कोरडेपणा बराच सहन करतं.

ओलेपणा मात्र सहन करत नाही. पाण्यातून काढलं की बुडाला धरून उलटं करा आणि दोन-चार झटके द्या, आतल्या पानांच्या बेचक्यात अडकलेलं पाणी उडून जाईल. मग उपडं किंवा आडवं, जाळीवर किंवा टॉवेलवर, हवा खेळते अशा जागी ठेवा आणि साधारण चार तासांत पूर्ण कोरडं होईल असं बघा. कोरडं झाल्यावरच परत त्याच्या स्टँडमध्ये. आयोनांथाची पानं बुडाशी एकमेकांना घट्ट चिकटून असतात, त्या फटीत पाणी राहिलं की तिथूनच सडायला सुरुवात होते आणि बाहेरून काही कळतच नाही, वरची पानं छान हिरवी दिसत राहतात. मग एक दिवस मधलं पान हलकं ओढलं की अख्खा गाभा हातात येतो, बूड काळं आणि मऊ. तिथून परत येत नाही. म्हणून मी म्हणते की ह्याला पाणी पाजणं सोपं आहे, वाळवणं हे खरं काम. घरात पंखा असेल तर भिजवल्यावर त्याच्या हवेत ठेवा.

पाणी कुठलं? पावसाचं मिळालं तर त्यासारखं दुसरं नाही. नळाचं बहुतेक चालतं. जड पाणी असेल तर क्षार पानांवर साठतात आणि टोकांना पांढरी खरखरीत पुटं दिसायला लागतात, लव असते तशी सगळीकडे सारखी नाही, तर जिथे थेंब वाळला तिथेच. तसं असेल तर फिल्टरचं आणि नळाचं मिसळून वापरा. एक पाणी मात्र अजिबात नको, मीठ वापरून जड पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरमधून आलेलं. त्यातलं सोडियम ह्या रोपाला मारतं.

उजेड. इथे लोकांचा भारी गोंधळ होतो. माती नको म्हणजे कुठेही ठेवता येतं असं वाटतं, मग बाथरूमच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे, पुस्तकांच्या कपाटात. आयोनांथाला उजेड लागतो, चांगला भरपूर लागतो. खिडकीपासून एखाद्या मीटरच्या आत, सकाळचं कोवळं ऊन मिळालं तर फारच उत्तम, दुपारचं कडक ऊन काचेतून थेट नको कारण पानं भाजतात. उजेड पुरेसा असला की रोप आटोपशीर, घट्ट राहतं आणि नुसत्या उजेडानेसुद्धा टोकांना लालसर छटा येते. कमी पडला की पानं लांब, ढिली, फिक्कट हिरवी होतात आणि फूल तर विसराच. खिडकी नसेल तर साधा पांढरा एलईडी ग्रो लाइट रोज बारा तास लावा, चालतं. तापमान साधारण १० ते ३० अंश सेल्सिअसमध्ये खूश असतं, थोडं वर गेलं तरी हवा खेळती असेल तर निभावतं, गोठवणारी थंडी मात्र नको.

आता रोपासोबत जे सामान विकतात त्याबद्दल, कारण माझी खरी नाराजी तिथे आहे. काचेचे गोल बंद ग्लोब. दिसतात सुंदर, फोटो अप्रतिम येतात, पण आत हवा फिरत नाही, वाळायला वेळ लागतो आणि वरून त्यात ओलं मॉस, म्हणजे शेवाळ, घालून देतात. हे म्हणजे रोप सडवायची सोय करून दिल्यासारखं आहे. एका विक्रेत्याकडून मी असा सेट मागवला होता, रोप आतल्या मॉसवर गोंदाने पक्कं चिकटवलेलं, म्हणजे भिजवायला बाहेर काढायचं म्हटलं तरी निघत नाही, आणि सोबतच्या कागदावर लिहिलेलं की आठवड्याला एक-दोन स्प्रे पुरे. शेवटी मॉस कातरून रोप सोडवावं लागलं, बुडाची दोन-तीन पानं तपकिरी पडलीच होती. ग्लोब घ्यायचाच असेल तर मोठ्या तोंडाचा घ्या, आत कोरडी वाळू किंवा खडे ठेवा, आणि रोप मोकळं ठेवा म्हणजे उचलून बाहेर भिजवता येईल आणि पूर्ण वाळल्यावरच आत. शंख-शिंपल्यातले पण तसेच, तोंड वर असलेल्या शिंपल्यात पाणी साठतं आणि रोपाचं बूड नेमकं त्यातच बसलेलं असतं. उपडा टांगलेला असेल तर काही हरकत नाही.

तार. हे फार कमी लोक सांगतात. तांब्याची तार दिसायला मस्त म्हणून बरेच स्टँड तांब्याचे येतात, पण ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्या कुळातल्या, सगळ्या जातींना तांबं विषासारखं आहे, ओल्या पानाला सतत लागत राहिलं तर हळूहळू रोप जातं. जस्ताचा मुलामा दिलेली तारही नको. अ‍ॅल्युमिनियम, स्टेनलेस स्टील, मासेमारीची नायलॉनची दोरी, ह्यातलं काहीही चालेल. लाकडावर बांधायचं तर कॉर्कची साल किंवा जुनं टणक लाकूड घ्या, वाळवी लागू नये म्हणून रसायनात बुडवलेलं लाकूड घेऊ नका कारण त्यात बऱ्याचदा तांबंच असतं. समुद्रावर सापडलेलं लाकूड असेल तर आधी बरेच दिवस पाणी बदलत बदलत भिजवून मीठ काढा.

खरेदी करताना काय बघायचं. बूड चिमटीत धरून हलकं दाबा, टणक लागलं पाहिजे. मधलं पान अगदी हलक्या हाताने ओढून बघा, हललं नाही पाहिजे. बुडाशी काळपट, ओलसर, वास येणारं असेल तर परत ठेवा. बाहेरचं एखादं पान वाळलेलं असणं नॉर्मल आहे, ते काढून टाकायचं. ऑनलाइन मागवायला हे रोप एक नंबर, कारण मातीच नसल्यामुळे कागदात गुंडाळून खोक्यात आठवडाभर राहिलं तरी सहसा काही होत नाही. आल्या आल्या उघडा, भिजवा, वाळवा, उजेडात ठेवा.

आणि रंगवलेली रोपं. हो, रंगवतात. आयोनांथा फुलायच्या वेळी आपोआप लाल होतं, तो लाल रंग बघून लोक घेतात, मग काही जण वर्षभर लालच दिसावं म्हणून स्प्रे पेंट मारतात. कधी कधी तर निळी, जांभळी, सोनेरी पण दिसतात, ती तर उघडच रंगवलेली. पेंटने खवले बुजतात, म्हणजे पिण्याचं तोंडच बंद, रोप आतल्या पाण्यावर काही काळ जगतं आणि मग जातं. ओळखायचं असं, खरा लाल मधल्या पानांवर सगळ्यात गडद आणि बाहेर जाता जाता फिका होत हिरव्या-चंदेरीत मिसळतो, आणि त्या लालावरही चंदेरी लव तशीच दिसते. पेंट सगळीकडे एकसारखा, लव दिसत नाही, आणि दोन पानं फाकवून आत बघितलं तर जिथे नोझल पोचलं नाही तिथे एकदम सरळ रेषेत हिरवं सुरू होतं. विक्रेता नैसर्गिक आहे असं म्हणाला तरी हे बघाच.

आता फूल, ज्यासाठी हे रोप घ्यायचं. फुलायच्या काही आठवडे आधी मधली पानं गुलाबी व्हायला लागतात, मग लाल, उजेड चांगला असेल तर अगदी पेटल्यासारखी लालभडक. मग एके दिवशी बरोबर मधून गर्द जांभळी नळी वर येते. चार-पाच सेंटिमीटरची, म्हणजे रोप एवढंसं आणि त्याची फुलं जवळजवळ त्याच्या निम्म्याहून जास्त उंच. पाकळ्या उघडून पसरत नाहीत, नळीसारख्याच राहतात, आणि तोंडातून पिवळे परागकोश बाहेर डोकावतात. लाल, जांभळा, पिवळा, तिन्ही रंग एका बोटभर जागेत. हा सगळा थाट हमिंगबर्डसाठी आहे, लांब चोचीने नळीतला मध प्यायला तो येतो आणि डोक्याला पराग लावून पुढच्या फुलावर जातो. मूळ जंगलात बहुतेक झाडं निष्पर्ण असताना हे लाल ठिपके फांद्यांवर लांबून दिसत असणार. वास मात्र नाही, वासासाठी घेणार असाल तर हे रोप तुमच्यासाठी नाही. एकेक फूल थोडेच दिवस टिकतं, पण एकामागून एक येतात आणि पानांची लाली बरेच आठवडे राहते, सो एकूण सोहळा चांगला लांबतो. ह्या काळात रोप पूर्ण बुडवू नका, फुलात पाणी साठून ते लवकर कुजतं, नळाखाली बुडाकडची पानं धुवा किंवा फूल वर ठेवून अर्धंच बुडवा.

ह्यानंतरची गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत, आणि खूप लोक इथेच निराश होतात. एक रोप आयुष्यात एकदाच फुलतं. फुलून झालं की ते परत फुलणार नाही, हळूहळू म्हातारं होत जातं. पण लगेच मरत नाही, आणि मरण्याआधी बुडाशी पिल्लं काढतं, एक, दोन, कधी तीन-चार. सुरुवातीला ज्वारीच्या दाण्याएवढं हिरवं टोक दिसतं, नीट बघितलं नाही तर कळणारही नाही. आईच्या साठ्यावर पिल्लं वाढतात, त्यामुळे फूल सुकलं म्हणून रोप टाकून देणं हा सगळ्यात वाईट निर्णय. उलट ह्याच काळात पाणी आणि खत नियमित द्या. पिल्लू एक ते दोन-तीन वर्षांत फुलायच्या वयात येतं, उजेड आणि काळजीवर अवलंबून आहे. बियांपासूनही येतं, कापसासारखा तुरा असलेल्या बिया वाऱ्यावर उडतात, पण बियांपासून फुलापर्यंत जायला बरीच वर्षं लागतात, घरगुती माणसाने त्या फंदात पडू नये असं माझं मत.

फुलत नसेल तर सफरचंदाची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. पूर्ण वाढलेलं कोरडं रोप पिकलेल्या सफरचंदासोबत पिशवीत काही दिवस बंद ठेवायचं, फळातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने फुलोरा सुरू होतो. ही थाप नाही, अननसाच्या शेतीतही फुलोरा एकाच वेळी यावा म्हणून इथिलीनच वापरतात. पण रोप वयात आलेलं असेल तरच उपयोग. लहान पिल्लावर करू नका, बंद पिशवीत ओलसर रोप ठेवलं तर फुलायच्या आधी सडेल, आणि पिशवी उन्हात तर अजिबात ठेवू नका. मला स्वतःला वाट बघणं जास्त पटतं. उजेड नीट असेल तर ते आपल्या वेळेला फुलतंच.

प्रकार बरेच मिळतात. फ्यूगो म्हणून एक आहे, अंगाने अजून बारीक पण लाल रंग पटकन येतो आणि जास्त काळ टिकतो, छोट्या जागेसाठी मी हाच सुचवेन. ड्रुइड नावाचा प्रकार वेगळाच, फुलताना लाल होत नाही, पिवळसर-पीच रंगाचा होतो आणि फूल पांढरं येतं, बघितल्यावर वाटणारही नाही की तीच जात आहे. ह्वामेलूला मोठ्या अंगाचा, मेक्सिकोतल्या वाहाका भागातला. साधा ग्वाटेमालावाला सगळ्यात सहज मिळतो आणि सुरुवातीला तो अगदी पुरेसा आहे. दुसऱ्या जातींशी तुलना करायची तर झेरोग्राफिका मोठी, गोल वळलेल्या पानांची, दिसायला राजेशाही पण फार सावकाश वाढते, आणि ती साइटिसच्या, म्हणजे धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये असल्यामुळे दुसऱ्या देशातून आणायला परवाना लागतो, कागद नसलेल्या विक्रेत्याकडून घेऊ नका. बल्बोसाचं बूड पोकळ कांद्यासारखं, आत पाणी शिरलं की वाळणं मुश्कील. स्पॅनिश मॉस हीसुद्धा टिलँडसियाच, पण तिचे दोरे इतके बारीक की कोरड्या हवेत रोजच पाणी मागते. ह्या सगळ्यांत आयोनांथा चुका पोटात घालणारं आहे.

खत दिलंच पाहिजे असं नाही पण दिलं तर फरक दिसतो, पिल्लं जास्त येतात. ब्रोमेलियाड किंवा ऑर्किडचं पाण्यात विरघळणारं खत, पाकिटावरच्या प्रमाणाच्या पाव भागाने, महिन्यातून एकदा भिजवायच्या पाण्यात. घ्यायच्या आधी त्यात तांबं किती आहे ते वाचा. जास्त खत म्हणजे जास्त फुलं असं गणित इथे नाही, टोकं जळतात. किडींमध्ये मिलीबग आणि खवले कीड, दोन्ही पानांच्या बेचक्यात लपतात. कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून एकेक टिपून काढा. कडुनिंबाचं तेल सगळीकडे सुचवतात, इथे मी नको म्हणेन, तेलाने पानांवरचे पाणी पिणारे खवले बुजतात आणि पेंटसारखाच प्रकार होतो.

आणखी दोन दावे पाकिटांवर असतात. एक, हवा शुद्ध करतं. तळहाताएवढं रोप खोलीची हवा काय शुद्ध करणार. खरं काय आहे तर टिलँडसिया हवेतलं बरंच काही पानांतून शोषून घेतात, जड धातूसुद्धा, म्हणून शास्त्रज्ञ काही जाती शहरात टांगून प्रदूषण मोजायला वापरतात. म्हणजे तुमच्या खोलीत धूर, एरोसोल, किचनचा तेलकट वाफारा असेल तर त्रास रोपाला होणार, गॅसच्या शेगडीजवळ ठेवू नका. दुसरा दावा, रात्री ऑक्सिजन देतं. रात्री कार्बन डायऑक्साइड घेतं हे खरं, पण ऑक्सिजन उजेडात, दिवसाच तयार होतो. ह्या रोपात खरं सांगण्यासारखं इतकं आहे की असलं खोटं चिकटवायची गरजच नाही. मांजर-कुत्र्यांसाठी विषारी नाही, ही एक गोष्ट मात्र टॅगवर मोठ्या अक्षरात लिहायला हवी आणि ती कुणीच लिहीत नाही. तरी उंचावर ठेवा, मांजर चावून विस्कटून टाकते.

माझ्याकडून रोपाला पाचपैकी पाच, सोबतच्या काचेच्या ग्लोबला एक, आणि टॅगवरच्या सूचनांना शून्य. आठवड्यातून एकदा अर्धा तास हाताशी असेल त्यांच्यासाठी परफेक्ट. सतत प्रवासात असणाऱ्यांनाही चालेल, दोन आठवडे पाणी नाही मिळालं तरी निभावतं, फक्त जायच्या आधी भिजवून पूर्ण वाळवून ठेवा. ज्यांच्या घरात खिडकीजवळ जागाच नाही आणि दिवाही लावायचा नाही त्यांनी घेऊ नये, खरंच.

पिल्लं वेगळी करायची का हा प्रश्न सगळ्यांना पडतो. आईच्या निम्म्या आकाराची झाली की बुडाशी धरून हलकं वळवलं की सुटतात, कुणाला द्यायची असतील तर जरूर करा. पण मी म्हणेन एक तरी झुपका तसाच वाढू द्या. पिल्लांना पिल्लं येत जातात आणि काही वर्षांत मुठीएवढा, मग नारळाएवढा गोल गड्डा होतो, दोरीने टांगला की सगळ्या बाजूंनी टोकं, आणि त्यातली अनेक एकाच वेळी फुलतात तेव्हा अख्खा गोळा लाल. एकटं रोप फुलणं आणि झुपका फुलणं ह्यात तुलनाच नाही. झुपक्याला फक्त दोन गोष्टी जास्त लागतात. मधे म्हाताऱ्या रोपांची वाळकी पानं साठतात, ती चिमट्याने वेळोवेळी काढत राहा नाहीतर तिथे ओल धरते. आणि वाळवायचा वेळ मोठा लागतो, बाहेरून चंदेरी झाला तरी आत ओला असू शकतो, म्हणून भिजवल्यावर जोरात झटका, पंख्याखाली टांगा, आणि अधूनमधून फिरवून दुसरी बाजू हवेकडे करा.